पतसंस्थेचे जुने संगणक आणि ‘ड’ वर्गाचं वाचनालय: एक प्रकरण अभ्यास

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं एक गाव. गावात सार्वजनिक वाचनालय आहे, ‘ड’ वर्गाचं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. ‘ड’ हा शेवटचा, त्यामुळे अनुदानही शेवटचंच. पुस्तकं सहा हजारांच्या घरात. ग्रंथपाल बाई एकट्याच. झाडू त्याच मारतात, देवघेव नोंदवही त्याच लिहितात आणि वार्षिक अहवाल टाइप करून घ्यायला आर्वीलाही त्याच जातात. २०२५ च्या दिवाळीआधी तालुक्यातल्या एका पतसंस्थेनं नवे संगणक घेतले आणि जुने सहा वाचनालयाला देऊन टाकले. कार्यकारी मंडळाला तीन गोष्टी हव्या होत्या. पुस्तकांची यादी संगणकावर यावी, अहवाल गावातच निघावा, आणि संध्याकाळी पोरांना बसता यावं. पैसे फारसे नव्हते. ओळखीतून काम माझ्याकडे आलं.

नेमका त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबली. मिळालेल्या संगणकांपैकी दोनांवर विंडोज १० होतं आणि चारांवर विंडोज ७, ज्याचा कारभार जानेवारी २०२० मध्येच आटोपलेला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. या सहांतला एकही त्या मापात बसत नव्हता. तालुक्यातल्या दुकानदाराचा सल्ला नेहमीचाच: सगळ्यांवर फॉर्मॅट मारू, विंडोज टाकू, ॲक्टिव्हेशनचं मी पाहून घेतो. अध्यक्ष काकाजींनी मला सरळ विचारलं, “तो फुकटात करून देते, तुमीबी फुकटातच करता. मंग फरक काय पडला भाऊ?”

दोन फरक सांगितले. विंडोज ‘चालू’ करणारी क्रॅक नावाची फाइल आत काय करते हे दुकानदारालाही माहीत नसतं. आणि अनुदानावर चालणाऱ्या संस्थेच्या दप्तरात असलं सॉफ्टवेअर सापडलं तर तपासणीच्या वेळी ते अंगाशी येऊ शकतं. काकाजींना दुसरा मुद्दा लगेच पटला. पहिला सहसा कोणाला पटत नाही.

आधी डबे उघडले

विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी खुली प्रणाली टाकायचं ठरलं. तिच्या अनेक तयार बांधण्या मिळतात, त्यांना वितरणं म्हणतात. त्यातलं कोणतं टाकायचं याची चर्चा लोक फार लवकर सुरू करतात. आधी यंत्रात काय आहे ते पाहावं. इथे चार संगणक कोअर २ ड्युओचे होते, २ जीबी डीडीआर२ रॅमचे. दोन तिसऱ्या पिढीच्या आय३ चे, ४ जीबीचे.

पहिली गफलत इथेच होणार होती. कोअर २ ड्युओच्या चारही संगणकांवर विंडोज ७ ची ३२-बिट आवृत्ती होती, म्हणून पतसंस्थेच्या यादीत त्यांच्यापुढे ‘३२-बिट’ असं लिहिलेलं. ते खरं मानलं असतं तर निवड भलतीकडेच गेली असती, कारण ३२-बिटला आता थोडीच वितरणं उरली आहेत. डेबियन या नावाजलेल्या वितरणानंही १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. पण ३२-बिट होतं ते विंडोज. कोअर २ ड्युओ ६४-बिटच असतो. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली की वरच्या ओळींतच ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन्ही पद्धती चालतात का ते लिहून येतं. हे पाहिल्याशिवाय आयएसओ, म्हणजे वितरणाची बसवायची फाइल, उतरवून घेऊ नये.

जिनिंगच्या पट्ट्यातला संगणक उघडला की आणखी एक गोष्ट हमखास दिसते. प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या पात्यांमध्ये रुईचा थर बसलेला असतो, बोटानं अख्खा उचलून निघेल असा. हवा खेळत नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. वर्ध्याकडचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा बंद पडणारा संगणक हा बरेचदा सॉफ्टवेअरचा रोगी नसतो. ब्रश, ब्लोअर आणि थर्मल पेस्ट, एवढ्यात दोन संगणकांचा ‘हँग’ गेला.

तिसरा प्रकार घड्याळाचा. दोन संगणकांबद्दल पतसंस्थेतून निरोपच आला होता की यांच्यावर नेट चालत नाही. नेट चालत होतं. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही बिल्ल्याएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे लाइन गेली की तारीख मागे, बोर्डाच्या मूळ वर्षावर जायची. वेबसाइटचं प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं. संगणक २००९ मध्ये बसला असेल तर त्याला आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेलं दिसतं आणि ब्राउझर दार उघडत नाही. डेबियन थोडं शहाणं आहे: मागच्या वेळी बंद करतानाची वेळ लक्षात ठेवून निदान तिथपासून पुढे चालतं आणि नेट मिळालं की घड्याळ लावून घेतं. पण नेट नसेल त्या दिवशी दाखल नोंदीवर चुकीचीच तारीख पडणार. किराणा दुकानात मिळणाऱ्या बॅटरीनं हा प्रश्न सुटतो.

पैसा खर्च केला तो दोनच गोष्टींवर. सहाही संगणकांना छोट्या एसएसडी, म्हणजे जलद डिस्क, लावल्या आणि चार जुन्यांची रॅम नागपूरच्या सीताबर्डीतून जुनी आणून ४ जीबी केली. त्या बोर्डांवर त्याहून जास्त बसत नाही. वितरण कोणतंही घेतलं असतं तरी हा खर्च टळला नसता, आणि वापरणाऱ्याला जो वेग जाणवतो त्यातला बहुतेक इथूनच आला.

कोणतं वितरण

इथे प्रत्येकाकडे एक नाव होतं. नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा काकाजींचा पुतण्या म्हणाला, रॉकी किंवा अल्मा टाका, कंपन्यांमध्ये तेच असतं. कंपन्यांमध्ये असतं हे खरं, पण त्यांच्या ९ व्या आवृत्तीपासून प्रोसेसरची किमान पातळी वर गेली. त्या पातळीतल्या काही सूचना कोअर २ ड्युओला समजतच नाहीत, त्यामुळे चार संगणक सुरूही झाले नसते. सचिव गुरुजींचं म्हणणं होतं की आपलं भारतीय घ्यावं. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं बॉस लिनक्स २००७ पासून आहे आणि मराठीसकट भारतीय भाषांची सोय त्यात आधीपासून करून दिलेली असते. मात्र ते उभं डेबियनवरच. अडचण आली तर उत्तर शेवटी डेबियनच्याच दस्तऐवजांत शोधावं लागतं. मग मधली पायरी कशाला, असं मी म्हटलं, आणि गुरुजींनी फार ताणलं नाही.

उबंटू मी यादीतून लवकर काढलं, आणि त्याचं कारण गावाच्या नेटमध्ये आहे. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलेलं आहे, पण ते कधी असतं, कधी नसतं. नसलं की कोणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट. अशा ठिकाणी सहा संगणकांनी एकच अपडेट सहा वेळा उतरवून घेणं परवडत नाही. एका संगणकावर पॅकेजांचा साठा ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यायचं, ही यावरची जुनी सोय. त्यासाठी ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ हे छोटं साधन आहे. पण उबंटूनं २२.०४ पासून फायरफॉक्स ब्राउझर फक्त स्नॅप या आपल्या वेगळ्या जातीच्या पॅकेजातच द्यायला सुरुवात केली, आणि स्नॅप या साठ्यातून जात नाही. सगळ्यात वारंवार अपडेट होणारी वस्तूच साठ्याबाहेर राहणार असेल तर साठा करून काय उपयोग?

खरी लढत मिंट आणि डेबियन यांच्यात झाली. मिंटची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची, आवृत्ती नव्या माणसाला फार सोयीची आहे. अपडेटचं चिन्ह समजायला सोपं, टाइमशिफ्टनं कालच्या स्थितीत परत जाता येतं, स्नॅप बंद करून ठेवलेलं, फायरफॉक्स साध्या पॅकेजात. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. घरच्या एकट्या संगणकासाठी कोणी विचारलं तर मी आजही मिंटच सांगेन. इथे मात्र तोल डेबियन १३ कडे गेला. डेबियनची डीव्हीडी प्रतिमा नेटशिवाय पूर्ण बसते. एक्सएफसीई, लिबरऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं खुलं सॉफ्टवेअर, भाषांची पॅकेजं त्यातच असतात आणि नंतर तीच पॅकेजांचा स्रोत म्हणूनही वापरता येते. आय३ वर मिंट आणि बाकीच्यांवर डेबियन असाही विचार झाला. तो सोडला, कारण मग साठेही दोन आणि बिघाडांच्या तऱ्हाही दोन.

आणि बिघाड पाहणार कोण? गावातली एक मुलगी आर्वीच्या आयटीआयमध्ये कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंटचा ट्रेड करते. त्या अभ्यासक्रमात लिनक्सच्या आज्ञा शिकवतात. मी महिन्यातून एखाद वेळी जाणार; लाइन गेली, पडदा काळा पडला, प्रिंट निघाली नाही की हाक तिलाच जाणार. म्हणून दोन्ही वितरणं आय३ वर बसवून तिच्यापुढे ठेवली आणि बिघाड मुद्दाम करून पाहिले. डेबियन ती टर्मिनलमधून सरळ करत होती. मिंटमध्ये खिडक्यांमधून कुठे काय आहे ते शोधत बसायची. दुसऱ्या कोणाच्या हाती हे उलटही झालं असतं. वितरणांची तुलना करणारे तक्ते हा रकाना ठेवत नाहीत, पण गावाकडच्या कामात सगळ्यात मोठा रकाना हाच: बिघडल्यावर ज्याला हाक जाते त्याला काय येतं.

‘हलकं लिनक्स’ या बोलण्यावरही इथेच बोलून घेतो. एमएक्स, अँटीएक्स ही हलकी वितरणं चांगली आहेत, १ जीबीच्या संगणकाला तीच तारतात. पण ४ जीबीच्या संगणकावर डेस्कटॉप हलका करून जेवढी रॅम वाचते तेवढी ब्राउझरचा एक जड टॅब खाऊन टाकतो. ब्राउझर कोणत्याच वितरणात हलका होत नाही. यूट्यूब जे व्हीपी९ किंवा एव्ही१ स्वरूपातलं चलच्चित्र पाठवतं ते उलगडण्याची सोय त्या काळच्या ग्राफिक्स चिपमध्ये नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो. एच.२६४ मागणारं एक्स्टेंशन टाकलं, ४८० वर ठेवलं, चाललं. सोबत झेडरॅम चालू केलं, म्हणजे रॅम भरत आली की आतला मजकूर दाबून तिथेच ठेवला जातो. याच्या पुढे कोअर २ ड्युओकडून अपेक्षा करू नये.

यादी कुठे अडली

इथपर्यंतचं काम कोणीही करू शकतं. प्रकरण खरं अडलं ते जुन्या फाइलींवर.

काही वर्षांपूर्वी तपासणीच्या निमित्तानं अर्ध्याअधिक पुस्तकांची यादी आर्वीच्या टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतली होती. त्यात दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, किंमत असे रकाने. शिवाय जुने वार्षिक अहवाल. पेनड्राइव्ह लावला, लिबरऑफिसमध्ये यादी उघडली आणि ग्रंथपाल बाईंचा चेहरा पडला. ‘वाचनालय’ या शब्दाच्या जागी ओ, के, पी, यू, के, वाय आणि शेवटी सेमीकोलन. पुढे हजारो ओळी तशाच. “खराब झाली का वो भाऊ?”

फाइल ठणठणीत होती. ती कृतिदेवमध्ये टाइप केलेली होती. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीचे हे फॉन्ट मराठी अक्षर साठवतच नाहीत. फाइलीत असतात इंग्रजी अक्षरंच, आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की खाली ‘के’ हा ‘के’च. म्हणून तात्पुरता इलाज सोपा होता: त्याच पेनड्राइव्हवर असलेली फॉन्टची फाइल घरच्या फोल्डरातल्या फॉन्टच्या जागी ठेवली, फॉन्टची नोंद ताजी करणारी ‘एफसी-कॅश’ ही आज्ञा चालवली, यादी पुन्हा उघडली, मराठी दिसलं. लिनक्सवर कृतिदेव चालत नाही असं छातीठोक सांगणारे भेटतात. चालतो. हा फॉन्ट विकतचा आहे, तेव्हा तो घेतलेला असावा, एवढंच.

पण दिसणं वेगळं आणि कामाला येणं वेगळं. अशा यादीत शोध घेता येत नाही आणि अकारविल्हे लावली की इंग्रजी क्रमानं लागते. पोरगं ‘सावित्रीबाई’ टाइप करेल तर एकही पुस्तक सापडणार नाही. म्हणून सगळं युनिकोडमध्ये आणायचं ठरलं, आणि तिथे आयटीआयवाली मुलगी आणि मी अशी दोघांची बैठक बसली.

आधी जुन्या एक्सएलएस आणि डॉक फाइली लिबरऑफिसच्या आज्ञेनं नव्या स्वरूपात नेल्या, मग पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली. नुसतं ‘या अक्षराऐवजी ते अक्षर’ असं बदलून भागत नाही. कृतिदेवमध्ये ‘ख’ दोन खुणांनी बनतो: चौकटी कंसानं अर्धा ख आणि पुढे ‘के’ची उभी रेघ. ‘भ’, ‘ध’, ‘थ’, ‘श’ यांचंही तसंच. आधी एकट्या ‘के’चा काना केला की हे सगळे मोडतात, म्हणून लांब जोड्या आधी आणि सुट्या खुणा नंतर, असा क्रम लावावा लागतो. वेलांटीचं आणखी निराळं. ‘किसान’ तिथे एफ-डी-एल-के-यू असा लिहिलेला असतो. पहिली ‘एफ’ ही ऱ्हस्व वेलांटी, क च्या आधी, टाइपरायटरवर मारायचे तशी. युनिकोडमध्ये ती क च्या नंतर साठवायची. रफार उलटा: ‘कर्म’मध्ये तो म च्या मागून येतो आणि युनिकोडमध्ये म च्या आधी न्यावा लागतो, तोही जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षराच्या आधी. ‘वर्ध्या’सारख्या शब्दानं आमची स्क्रिप्ट बराच वेळ अडवून धरली होती, आणि वर्धा जिल्ह्याच्या यादीत हा शब्द जागोजागी.

दुसरी काळजी इंग्रजी मजकुराची. एमएस-सीआयटीची आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं मधूनमधून इंग्रजी नावाची होती. सरसकट बदल केला असता तर त्यांचं भजं झालं असतं. नशिबानं टायपिंगवाल्यानं इंग्रजीसाठी फॉन्ट बदलला होता. फाइलीत प्रत्येक तुकड्याबरोबर त्याच्या फॉन्टचं नाव साठवलेलं असतं, त्यामुळे ‘नाव कृतिदेव असेल तरच हात लाव’ एवढी अट घातली. काही ठिकाणी फॉन्टचं नाव तुकड्यावर न राहता मूळ शैलीकडून आलेलं होतं. ते स्क्रिप्टला दिसलं नाही, हातानं केलं.

बदल झाल्यावर लिबरऑफिसनं आणखी एक गंमत केली. देवनागरी मजकुराला तिथे वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार असतो, आणि जुना मजकूर आतापर्यंत इंग्रजी म्हणून मोजला जात होता. युनिकोड होताच अहवालातली शीर्षकं एकदम बारीक झाली. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी निवडून शैलीतच नोटो सान्स देवनागरी आणि आकार ठरवून दिला. हे प्रत्येक परिच्छेदाला वेगळं करत बसलात तर दिवस जातो.

तरीही शोध काही ठिकाणी फसत राहिला, आणि कारण मराठीच्याच दोन अक्षरांत होतं. ‘ॲटलास’मधला ॲ युनिकोडमध्ये २००८ पासून एकसंध अक्षर आहे, पण बरेच कीबोर्ड अजून अ आणि वर चंद्र असे दोन तुकडे टाकतात. ‘शेतकऱ्यांचा’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला दोन वेगळे शब्द. विदर्भातल्या वाचनालयात शेतकऱ्यांच्या नावाची पुस्तकं किती असतील याचा अंदाज करा. सगळ्या यादीत एकच रूप ठेवलं, आणि नव्या नोंदींवरही तीच स्क्रिप्ट दर आठवड्याला फिरते.

टाइप करायला मुलीनं आणि पोरांनी इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाणित कीबोर्ड घेतला. तो कीबोर्डच्या मांडणीतच असतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. ग्रंथपाल बाईंना मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे, म्हणून त्यांच्या संगणकावर आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्यातली उच्चारावर चालणारी पद्धत बसवली. एका खोलीत दोन पद्धती नकोत असं मी वितरणाबाबत म्हटलं होतं. कीबोर्डबाबत तसं म्हणणार नाही. बोटं ज्याची त्याची असतात.

लाइन, कुलूप आणि प्रिंटर

यादीची फाइल साठ्याच्या संगणकावर सामायिक फोल्डरात ठेवली होती, म्हणजे कुठूनही उघडता येईल. एका संध्याकाळी बाई नोंदी करत असताना लाइन गेली. इन्व्हर्टरवर दोनच संगणक होते, त्यात त्यांचा नव्हता. त्या उठून इन्व्हर्टरवरच्या संगणकावर गेल्या, फाइल उघडली, तर पाटी आली की ही फाइल दुसऱ्या वापरकर्त्यानं संपादनासाठी अडवून ठेवली आहे. मला फोन. “कोनं उघडली वो भाऊ? चाबी तं माह्याजवळच होती!”

लिबरऑफिस फाइल उघडताना तिच्या शेजारी एक लपलेली कुलूप-फाइल ठेवतं आणि बंद करताना काढतं. वीज गेली की काढायचं राहून जातं, आणि दुसऱ्या संगणकाला वाटतं अजून कोणीतरी आत आहे. त्या मुलीला ती फाइल दाखवून ठेवली. कोणी खरंच बसलेलं नाही याची खात्री करायची आणि मग पुसायची. पुनर्प्राप्तीची नोंद मूळची दर १० मिनिटांनी होते, ती २ वर आणली. सगळ्यात उपयोगी बदल मात्र वायरिंगचा होता: साठ्याचा आणि बाईंचा असे दोन संगणक कायमचे इन्व्हर्टरवर, बाकी चार लाइनीवर.

प्रिंटरनं त्यामानानं जास्त रडवलं. पतसंस्थेनं सोबत दिलेला छोटा लेझर प्रिंटर स्वस्तातल्या जातीचा होता. या जातीत पान रचायचं काम संगणकाच्या माथी असतं आणि प्रिंटरच्या पोटात स्वतःचं फर्मवेअरही, म्हणजे त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअरही, नसतं. चालू केला की दरवेळी संगणकानं ते भरवायचं. डेबियनमध्ये चालक, म्हणजे ड्रायव्हर, मिळाला, पण फर्मवेअर खुलं नसल्यानं पॅकेजात येत नाही, वेगळं आणावं लागतं. आणून बसवलं आणि प्रिंटर जोडला जाताच आपोआप भरवलं जाईल असा नियम लिहिला. तेव्हा कुठे रोजचं ‘काल निघत होती, आज काहून नाई निघत’ थांबलं. नवा प्रिंटर घेणाऱ्यानं पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरच्या प्रचलित भाषा समजणारा, नाहीतर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा आयपीपी एव्हरीव्हेअरवाला घ्यावा. दुकानात ‘लिनक्सवर चालतो का’ हे विचारून उत्तर मिळत नाही, ही नावं विचारली तर निदान खोक्यावर वाचता येतात.

जे केलं नाही

त्याच इमारतीत पुढच्या खोलीत आपले सरकार सेवा केंद्र चालतं. चालकानं आपलाही संगणक असाच करून द्या म्हटलं. त्याला मी नाही म्हटलं. त्याचं अर्धं काम अंगठ्याच्या यंत्रावर, आणि त्या यंत्राची आधारशी जोडणारी सेवा आम्हाला विंडोजसाठी मिळाली, लिनक्ससाठी नाही. त्याच्या पोटाचा धंदा माझ्या हौसेवर टांगण्यात अर्थ नव्हता. विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात, ती नोंदणी करून दिली आणि तोवर नव्या संगणकासाठी पैसे बाजूला टाक असं सांगितलं.

कोहाही बसवलं नाही. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली सुरू झालेलं हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर खुलं आहे, भक्कम आहे, मोठ्या विद्यापीठांत चालतं. पण त्याला डेटाबेस, वेब सर्व्हर आणि ते सांभाळणारा माणूस लागतो. सहा हजार पुस्तकं आणि एक ग्रंथपाल असलेल्या ठिकाणी ते सांभाळण्यातच ग्रंथपालाचा वेळ गेला असता. यादी कॅल्कमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या एक्सेलमध्ये, आहे, रकाने नीट ठेवलेत, कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता येणारी सीएसव्ही फाइल निघते. पुढे कोहा हवं झालं तर तिथे नेता येईल. देवघेव अजून वहीतच आहे आणि ती वहीतच राहावी असं माझं मत आहे. संध्याकाळी सात वाजता रांगेत पाच जण उभे असताना पेन संगणकापेक्षा लवकर चालतो, आणि लाइन गेली तरी चालतो.

पोरांच्या चार संगणकांवर ‘वाचक’ नावाचं एकच खातं आहे, जे प्रत्येक वेळी कोरं होऊन उघडतं. त्यांच्यासाठी किविक्स या नेटशिवाय वाचायच्या सॉफ्टवेअरवर मराठी विकिपीडिया नेटशिवाय ठेवलाय. सगळ्यात जास्त चालतो तो मात्र पत्त्यांचा खेळ. बाईंनी तो काढून टाका म्हटलं, मुलीनं राहू द्या म्हटलं. तिच्या मते माउस धरायला पोरं त्यावरच शिकतात. सध्या तो आहे.

यंदाचा वार्षिक अहवाल गावातच टाइप झाला आणि पीडीएफ करून जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला गेला. तिथून फोन आला की वर्डची फाइलही पाठवा. तीही पाठवली, युनिकोडमध्ये असल्यानं तिकडे उघडली. यादीतला उरलेला, कधीच टाइप न झालेला भाग आता दाखल नोंदवहीवरून भरणं चालू आहे. डेबियन १३ ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स ऑगस्ट २०२८ पर्यंत आणि त्यापुढची दीर्घकालीन जून २०३० पर्यंत आहेत. त्या मुलीचा ट्रेड त्याच्या कितीतरी आधी संपेल आणि ती नोकरीला नागपूर-पुण्याकडे जाईल, हे सगळ्यांनाच दिसतं. म्हणून तिनं एक वही केली आहे: कुलूप-फाइल कशी पुसायची, साठा कसा तपासायचा, फर्मवेअर कुठे ठेवलंय, कोणती आज्ञा कधी द्यायची. दहावीतला एक पोरगा तिच्याशेजारी बसून ती वही पाहत साठ्याचा संगणक अपडेट करायला शिकतोय. त्याला डेबियन पसंत नाही. घरी त्यानं मिंट टाकलंय.